अर्ध्या जिन्याची घरं

मराठी कुटुंबाला बाय-लेव्हल घर दाखवायला नेलं की पहिली अडचण येते ती चपला-बुटांची. दाराला अडकवलेल्या लॉकबॉक्समधून किल्ली काढून मी दार उघडते, तर आत खोली नसतेच. जेमतेम चार बाय सहा फुटांचा एक चौथरा असतो. तिथूनच सात पायऱ्या वर जातात आणि सहा खाली. नवरा, बायको, कडेवरचं मूल, भारतातून आलेली आई आणि मी, असे सगळे त्या चौथऱ्यावर दाटीवाटीनं वाकून बूट काढत असतो. जानेवारी असला तर बुटांना बर्फाचा चिखल, अंगात जाड कोट, आणि शेवटचा माणूस अजून बाहेर उभा असल्यामुळे दार सताड उघडं. मग आई विचारतात, "आधी वर जायचं की खाली?"

हा प्रश्न मी १९ वर्षं ऐकते आहे. मध्य न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स आणि सॉमरसेट या दोन काउंट्यांमध्ये घरं दाखवणं आणि विकणं हा माझा व्यवसाय. एडिसन, पिस्कॅटवे, ब्रिजवॉटर, हिल्सबरो या पट्ट्यात मराठी माणसं भरपूर, आणि १९५५ ते १९७५ च्या दरम्यान बांधलेली अर्ध्या-अर्ध्या जिन्यांची घरंही भरपूर. दोघांची गाठ पडल्याशिवाय राहत नाही. डोंबिवली, कोथरूड, मिरज इथल्या सपाट फ्लॅटमधून आलेल्या माणसाला घराच्या आत जिना असणं हेच मुळात नवीन. त्यात तो अर्धा. लोक गोंधळतात, हसतात आणि बहुतेक वेळा म्हणतात, "ताई, आपण कलोनिअलच बघू या." कलोनिअल म्हणजे सरळ दुमजली घर. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या. ते कुणालाही लगेच कळतं. पण त्याच गावात, त्याच शाळांच्या हद्दीत कलोनिअल बऱ्यापैकी महाग पडतं. आठवड्याला दोन-तीन घरं बघून, दोन-तीन ऑफर हातच्या गेल्या की मंडळी पुन्हा माझ्याकडे येतात आणि सांगतात, "त्या स्प्लिटवाल्यांचं बघू या का?"

तेव्हा मी आधी शब्द सोडवून देते, कारण इथं बोलताना दोन वेगळी घरं एकाच नावानं ओळखली जातात. खरं स्प्लिट-लेव्हल डोळ्यांसमोर आणायचं तर दुमजली घर मधोमध उभं कापायचं आणि त्यातला एक भाग अर्ध्या मजल्यानं खाली सरकवायचा. दार उघडलं की माणूस थेट बैठकीत येतो. त्याच पातळीवर जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर. एका बाजूनं सहा-सात पायऱ्या वर गेलं की झोपायच्या तीन खोल्या. त्या खोल्यांच्या बरोबर खाली, बैठकीपासून सहा-सात पायऱ्या उतरून, फॅमिली रूम, गॅरेज आणि कपडे धुण्याची जागा. काही घरांत बैठकीच्या खाली आणखी एक तळघर असतं, म्हणजे अजून एक अर्धा जिना. रस्त्यावरून पाहिलं तर एका अंगाला बुटकं छप्पर आणि दुसऱ्या अंगाला दोन मजले. बाय-लेव्हलचं तसं नाही. तिथं पूर्ण दोनच मजले असतात, फक्त घराचं दार दोन्हींच्या मध्ये, त्या चौथऱ्यावर उघडतं. वर स्वयंपाकघर, बैठक, झोपायच्या खोल्या सगळं एका पातळीवर, आणि खाली अर्धवट जमिनीत गेलेला दुसरा मजला. न्यू जर्सीत याला बाय-लेव्हल म्हणतात. हेच घर बॉस्टनकडे रेज्ड रँच असतं, लाँग आयलंडवर हाय रँच आणि मेरीलँडला स्प्लिट फॉयर. मेरीलँडहून बदली होऊन आलेला माणूस फोनवर "स्प्लिट हवंय" म्हणाला की मी दोन्हींपैकी कुठलं ते विचारून घेते. नाहीतर शनिवार फुकट जातो.

माझं स्वतःचं लहानपण गुहागरच्या बाजूला गेलं, आणि खरं सांगायचं तर मला ही घरं पहिल्यांदा पाहिली तेव्हा परकी वाटलीच नाहीत. आमचं घर उतारावर होतं. अंगणातून तीन पायऱ्या चढून पडवी, पडवीतून एक उंच पायरी चढून ओटी, मग माजघर, आणि मागच्या दारानं उतरलं की न्हाणीघर आणि विहीर, त्याच्याही खाली आगर. घर बांधणाऱ्यानं जमीन सपाट करायचा खटाटोप केलाच नव्हता, जमीन जशी उतरली तसं घर उतरत गेलं होतं. त्या पायऱ्यांनी माणसांच्या जागाही ठरवून दिल्या होत्या. वसुलीला आलेला माणूस पडवीत बसायचा, पाहुणा ओटीवर, आणि माजघरात फक्त घरची माणसं.

इथली स्प्लिट घरंही अशाच हिशोबातून आली. दुसरं महायुद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या जीआय बिलामुळे स्वस्त गृहकर्ज मिळू लागलं. पहिल्या धडाक्यात बांधली गेलेली घरं अगदीच लहान होती. लाँग आयलंडवरच्या लेव्हिटाउनची १९४७ ची घरं जेमतेम ७५० चौरस फुटांची, सिमेंटच्या लादीवर उभी, तळघर नाही. पुढच्या दहा वर्षांत मुलं वाढली, घरात टीव्ही आला, दारात मोटार आली. १९५१ मध्ये न्यू जर्सी टर्नपाइक हा महामार्ग सुरू झाला, मागोमाग गार्डन स्टेट पार्कवे झाला आणि शेताडीच्या जमिनी घरांखाली जाऊ लागल्या. आता मोठं घर हवं, पण बैठं घर पसरवलं तर जमीन आणि छप्पर दोन्ही महागतं. त्यात इथली थंडी अशी की माती गोठते, गोठली की फुगते, म्हणून पाया सुमारे तीन फूट खाली न्यावाच लागतो. एवढं खणायचंच आहे तर थोडं आणखी खणून तिथं खिडकी असलेली खोली का काढू नये, हा बांधणाऱ्यांचा विचार. अर्धी जमिनीत, अर्धी वर, उजेड येणारी खोली कमी खर्चात मिळाली. उताराच्या प्लॉटवर तर हे घर आपसूकच बसलं.

जागांची वाटणीही त्यांनी विचारपूर्वक केली होती. गोंगाट खाली, झोप वर आणि पाहुणा मध्ये. टीव्ही, मुलांचा दंगा, धुण्याचं यंत्र सगळं खालच्या पातळीवर. ही घरं इतकी पसरली की १९६० च्या आसपास बर्गन काउंटीतल्या उपनगरी कुटुंबांच्या मानसिक ताणावर एक पुस्तक निघालं, त्याचं नावच 'द स्प्लिट-लेव्हल ट्रॅप' होतं. उपनगरातल्या साऱ्या आयुष्याला या घराचं नाव मिळालं होतं. पुढे फॅशन फिरली. दारात उंच झुंबर लटकणारी मोठी कलोनिअल घरं आली आणि स्प्लिट जुनाट ठरलं. मला तो निकाल मान्य नाही. का, ते सांगते. पण त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे, कारण मला जे काही कळलं ते तिच्यातून कळलं.

व्यवसायात येऊन मला तीनच वर्षं झाली होती. एक तरुण जोडपं, दोघंही नोकरी करणारी, बाळ होणार होतं. तिची आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी येणार होती. मी त्यांना एक बाय-लेव्हल दाखवलं. खालच्या मजल्यावर झोपायची खोली, लागून पूर्ण बाथरूम, मागच्या अंगणात उघडणारं स्वतंत्र दार. मी उत्साहानं म्हणाले, "हे बघा, आईंना स्वतंत्र जागा. जिना चढायला नको." हे वाक्य मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे. त्यांनी घर घेतलं. आई नोव्हेंबरमध्ये आल्या.

स्वयंपाकघर वर होतं. बाळ वर होतं. देव वर होते. सकाळच्या चहासाठी त्यांना सहा पायऱ्या चढून चौथऱ्यावर आणि तिथून सात पायऱ्या चढून वर जावं लागायचं. एकूण तेरा. कलोनिअलच्या पूर्ण जिन्यालाही तेरा-चौदाच पायऱ्या असतात. जिना दोन तुकड्यांत विभागलेला असल्यामुळे मला तो अर्धा वाटला होता, पण मधल्या चौथऱ्यावर कुणी राहत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांनी सकाळी एकदा वर यायचं आणि रात्रीच खाली जायचं असं ठरवून टाकलं. दुपारी पाठ टेकायला बैठकीतला सोफा. त्यांची म्हणून घेतलेली खोली दिवसभर रिकामी. रात्री खाली उतरल्या की लादीवरच्या गालिच्यातून पायाला गारठा लागायचा, कारण थर्मोस्टॅट वरच्या मजल्यावर होता आणि वर ऊब झाली की फर्नेस बंद व्हायची. रात्री वर बाळ रडलं तर यांना ऐकू यायचं, पण उठून जाईपर्यंत ते थांबलेलं असायचं. मार्चमध्ये, ठरल्यापेक्षा दोन महिने आधीच, त्या परत गेल्या. मुलीनं मला पुढे कधीतरी सांगितलं, तक्रारीच्या सुरात नव्हे, "ताई, आई म्हणायची, मला तळघरात ठेवल्यासारखं वाटतं."

ते वाक्य मला फार लागलं. मी त्या घराचे चौरस फूट मोजले होते, खोल्या मोजल्या होत्या, कर मोजला होता. पायऱ्या मोजल्या नव्हत्या. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक घरासाठी एक पान असतं, आणि त्यावर सगळ्यात वर स्वयंपाकघर काढलेलं असतं. तिथून रेघा जातात: गॅरेजकडे किती पायऱ्या, धुण्याकडे किती, आईंच्या खोलीकडे किती, मुलांच्या खोलीकडे किती. कारण आपल्या घरातला दिवस स्वयंपाकघरातून सुरू होतो आणि तिथंच संपतो. अमेरिकन गिऱ्हाईक फॅमिली रूम मध्यावर धरून घराचा विचार करत असेलही, पण आपल्याकडे चहा, डबा, दूध, औषधाची गोळी, रात्रीचं विरजण ही सगळी ये-जा एका ओट्याभोवती फिरते.

अशा रेघा काढल्या की स्प्लिट-लेव्हलचं खरं मोल दिसतं. त्यात स्वयंपाकघर मधल्या पातळीवर असतं, म्हणून कुठंही जायचं झालं तरी अर्धाच जिना. झोपायची खोली सहा पायऱ्या वर, टीव्ही आणि खालची बाथरूम सहा पायऱ्या खाली. बारा-तेरा पायऱ्या फक्त एकाच प्रवासाला लागतात, फॅमिली रूममधून थेट झोपायला जाताना, आणि तो दिवसातून एकदाच होतो. शिवाय कठड्यावरून वाकलं की खाली खेळणारं मूल दिसतं. हाक मारायला ओरडावं लागत नाही. कलोनिअलमध्ये वरच्या मजल्यावर काय चाललंय ते खालच्या बाईला कळत नाही. स्प्लिटमध्ये सगळं घर एकमेकांच्या कानाच्या टप्प्यात असतं. सहा महिने आजी-आजोबा, दोन मुलं आणि घरूनच काम करणारा एक माणूस, अशा कुटुंबाला मी आज निःसंकोच सांगते की दाराशी छान दिसणाऱ्या बाय-लेव्हलपेक्षा हे घर घ्या. कलोनिअल घ्यायचंच असेल तर तळमजल्यावर झोपायची खोली आणि पूर्ण बाथरूम असलेलं घ्या. पण तसं कमी मिळतं आणि मिळालं की भाव चढतो.

गॅरेजची रेघ बरेच जण विसरतात. एकदा किराणा घेऊन येताना वाटेतच एका कुटुंबाला घर दाखवायला थांबले होते. गाडीत २० पौंडांची तांदळाची पिशवी होती. त्या गृहस्थांना मी म्हटलं, "ही गॅरेजमधून वर स्वयंपाकघरात नेऊन ठेवता का?" ते बाय-लेव्हल होतं. ते पिशवी खांद्यावर घेऊन तेरा पायऱ्या चढले, वर ओट्यावर ठेवली आणि बायकोकडे बघून म्हणाले, "आणि पोरगं कडेवर असेल तर?" तेव्हापासून एक पिशवी माझ्या गाडीत कायम असते. स्प्लिटमध्ये हाच प्रवास सहा-सात पायऱ्यांचा होतो, कलोनिअलमध्ये बहुधा एक-दोन पायऱ्यांचा. या बाबतीत कलोनिअलच वरचढ, ते मान्य केलंच पाहिजे.

फोडणीचंही असंच. बाय-लेव्हलमध्ये स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोल्या एकाच पातळीवर, मध्ये एक बोळ. स्प्लिटमध्ये खोल्या वर आणि जिना उघडा, म्हणजे वाफ सरळ वर. दोन्हीकडे हिंग-मोहरीचा वास कपाटातल्या कोटांपर्यंत पोचतो. शेगडीवरचा पंखा बघून लोक समाधान मानतात, पण या काळातल्या पुष्कळ घरांत तो पंखा हवा गाळून पुन्हा घरातच सोडतो. मी पंखा चालू करून घराबाहेर जाते आणि स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर झडप आहे का बघते. झडपेपाशी हात धरला की हवा लागते की नाही ते कळतं. नसेल तर नळी बाहेर काढायचा खर्च आधीच धरायचा. स्वयंपाकघर बाहेरच्या भिंतीला असेल तर हे सोपं जातं.

आता चौरस फुटांविषयी, कारण या घरांत फसगत होते ती इथंच. एका बाय-लेव्हलच्या जाहिरातीत २,१०० चौरस फूट लिहिलं होतं. माझ्या गिऱ्हाइकांनी तो आकडा धरून, शेजारच्या २,१०० फुटांच्या कलोनिअलशी तुलना करून ऑफर दिली. बँकेच्या वतीनं मूल्यांकन करणारा माणूस आला, त्यानं वरचा मजला वेगळा मोजला आणि खालचा वेगळ्या रकान्यात टाकला. खालचा मजला एका बाजूनं जमिनीत होता. मजल्याचा काही भाग जरी जमिनीच्या पातळीखाली असला तरी तो संपूर्ण मजला घराच्या मुख्य क्षेत्रफळात धरत नाहीत. गृहकर्जाच्या क्षेत्रातल्या फॅनी मे या संस्थेनं एप्रिल २०२२ पासून मोजणीची ही ठरावीक पद्धत सक्तीची केली आहे. खालच्या मजल्याला किंमत असते, पण वरच्यापेक्षा कमी. त्या घराचं मूल्यांकन ऑफरपेक्षा बरंच खाली आलं आणि फरकाचे पैसे त्या गिऱ्हाइकांना खिशातून घालावे लागले. आता मी बाय-लेव्हलची तुलना बाय-लेव्हलशीच करते, स्प्लिटची स्प्लिटशी. त्याच गल्लीत नुकतं विकलं गेलेलं त्याच घाटाचं घर सापडलं तर फार बरं, आणि या वसाहती एकाच बिल्डरनं एकाच साच्यात बांधलेल्या असल्यामुळे बहुतेक वेळा सापडतंही.

अर्धा मजला जमिनीत असण्याची दुसरी किंमत पाण्यानं दाखवली. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी इथं जो पाऊस पाडला, तो मी कोकणातली असूनही विसरू शकत नाही. रॅरिटन नदी मॅनव्हिल आणि बाउंड ब्रूकमध्ये घुसली. त्यानंतरच्या आठवड्यात मी माझ्या जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन आले. कलोनिअलच्या रिकाम्या तळघरात पाणी शिरलं होतं, त्यात खोकी भिजली, जुनी खेळणी गेली. स्प्लिट आणि बाय-लेव्हलमध्ये खालच्या पातळीवर लोक राहतात. तिथं सोफा भिजला, आजोबांचा पलंग भिजला, फर्नेस, पाणी तापवायची टाकी आणि धुण्याचं यंत्र एकाच रात्रीत गेलं. एका घरात विजेचं पॅनलही खालीच होतं. पाणी ओसरलं तरी दहा दिवस अंधार. तेव्हापासून खालच्या खोलीत गेले की मी आधी भिंतीचा खालचा चार फुटांचा पट्टा बघते. रंग तेवढाच नवीन आहे का, लाकडी पट्टी फुगली आहे का, फर्नेसच्या पायांना गंज आहे का. सम्प पंप असेल तर त्याच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो चालतो का ते इन्स्पेक्टरसमोरच पाहायचं. २०२४ पासून घर विकणाऱ्याला पुराची माहिती लेखी द्यावी लागते, ही मोठी सोय झाली आहे. तरी बघायचं आपल्या डोळ्यांनी.

रेडॉनची चाचणीही खालच्या राहत्या पातळीवरच करून घ्यायची. जमिनीतून झिरपणारा हा वायू दिसत नाही की त्याला वास नसतो, आणि फॅमिली रूममध्ये मुलं तासन् तास बसतात. लिटरमागे चार पिकोक्युरी किंवा जास्त आकडा आला तर लादीखालून नळी आणि पंखा बसवून हवा छपराबाहेर सोडतात. हे काम अवघड नाही आणि पुष्कळदा विकणाराच करून देतो.

मागच्या शरद ऋतूत माझ्याकडे एक स्प्लिट विकायला आलं. मालकीणबाई ७४ वर्षांच्या, आमच्या ओळखीच्या काकू. १९८४ मध्ये काकांबरोबर त्यांनी ते घर घेतलं होतं. काका गेल्यावर सहा वर्षं त्या एकट्या राहिल्या, आता मुलाकडे टेक्सासला जायचं ठरलं होतं. त्यांनी मला घर दाखवलं, म्हणजे मी त्यांच्या मागं मागं फिरले. बैठकीतून वर जाणाऱ्या अर्ध्या जिन्यापाशी त्या थांबल्या. जिन्याच्या एका अंगाला कठडा होता आणि दुसऱ्या अंगाला नुसती भिंत. त्या भिंतीवर, कमरेच्या जरा खाली, वरपासून खालपर्यंत उतरत जाणारा एक काळपट पट्टा होता. चाळीस वर्षं तळहात टेकून टेकून भिंतीचा रंग उतरला होता.

"चढताना काही नाही गं," काकू म्हणाल्या, "उतरताना गुडघा बोलायला लागतो. उजवा हात टेकायला काहीतरी लागतं." जिन्यावर सरकणारी खुर्ची बसवायचा त्यांनी विचार केला होता. पण वर एक जिना, खाली एक जिना, म्हणजे खुर्च्या दोन आणि खर्चही दुप्पट. सरळ दुमजली घराला एकीवर भागलं असतं. हा त्या घराचा खरा तोटा आहे आणि तो मला पस्तिशीतल्या गिऱ्हाइकांना सांगावा लागतो. त्यांना तो दूरचा वाटतो. काकूंनाही १९८४ मध्ये दूरचाच वाटला असणार. त्या दिवशी मी विचारलं, "भिंतीलाही कठडा का नाही लावून घेतला?" त्या जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दारं-खिडक्या बदलल्या, छप्पर बदललं, फर्नेस दोनदा बदलली. हे कुणाला सुचलंच नाही."

घर बाजारात मांडायचं म्हणून रंगारी आला आणि भिंत पांढरी झाली.

ते घर ज्यांनी घेतलं ते माझेच गिऱ्हाईक नव्हते, त्यांचा एजंट वेगळा होता, पण मराठीच निघाले. त्या जोडप्यातल्या मुलाची आई मेमध्ये मिरजेहून येणार होती. व्यवहार पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी शेवटची फेरी मारायला ती दोघं आली तेव्हा मीही किल्ली द्यायला तिथं होते. मुलानं व्हिडिओ कॉल लावून आईला घर दाखवायला सुरुवात केली. स्वयंपाकघर, ओटा, मागचं डेक. आईंनी विचारलं, "झोपायचं कुठं?" त्यानं फोन जिन्याकडे वळवला.

"किती पायऱ्या?"

त्याला माहीत नव्हतं. मीच म्हटलं, "सहा, काकू. मोजून दाखवते." आणि फोन हातात घेऊन, कॅमेरा पायांकडे धरून मी एकेक पायरी चढले. त्या पलीकडून माझ्याबरोबर मोजत होत्या. सहावर थांबल्या.

"आता उतरून दाखव."

मी वळले आणि उतरायला लागले.

"कठडा कुठल्या हाताला आला?"

"डाव्या."

"डाव्या हाताचा खांदा धरलाय माझा," त्या म्हणाल्या. "उजवीकडे काय आहे?"

"भिंत आहे, काकू. कठडा लावून घेता येईल."

मी फोन मुलाकडे दिला आणि पर्समधून टेप काढली. आधीच्या काकूंचा पट्टा कुठं होता ते मला नव्या रंगाखालीही माहीत होतं. पायरीच्या कडेपासून ३४ इंचांवर तळहात टेकवून पाहिला आणि तिथं पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारली. मुलगा आईला सांगत होता, "हो गं, तू यायच्या आत बसवतो." तिकडून आई विचारत होती, "सगळ्या सहा पायऱ्यांना ना?"